पाहुणा घेणारे सर

सर वर्गाला मागून शिकवायचे. फळ्यावर गणित लिहायचं, हात झटकायचे आणि तडक वर्गाच्या शेवटी जाऊन भिंतीला टेकून उभं राहायचं. मुलं फळ्याकडे बघताहेत आणि आवाज मागून येतोय. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधजवळच्या त्या शाळेत मी सांगलीहून नवी नवी बदलून गेले, तेव्हा हा प्रकार खिडकीतून पाहिला आणि मला वाटलं, गुरुजी रेडिओ लावून चहाला गेलेत.

विचारलं तर म्हणाले, "तोंड खोटं बोलते मॅडम. समजलं का म्हटलं का सप्पाच पोट्टे मुंडी हालवते. पाठ नाही बोलत खोटं. ज्याले समजलं नाही, त्याची पाठ धानाच्या पोत्यावानी बसून राहते. पाहा तुमी."

मी पाहिलं, आणि खरंच तिसऱ्या रांगेत दोन पोती बसली होती.

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. समोरच्या दारातून आत शिरले, खुर्ची रिकामी, वर्ग मात्र चिडीचूप. त्यांना आधी आनंद झाला, मग संशय आला. "तुमचे सर कुठे आहेत?" असं ओरडून ते फळ्यावरचं गणित बघायला वळले, तेवढ्यात मागून शांत आवाज आला, "साहेब, तुमालेही नाही समजलं." त्या आठवड्यात मुख्याध्यापकांना केंद्रप्रमुखांची समजूत काढायला दोनदा तालुक्याला जावं लागलं.

शाळेत सर कधी हसायचे नाहीत. स्टाफरूममध्ये कोणी विनोद केला की ते पेपर तपासताना चूक सापडावी तसे त्या माणसाकडे बघायचे. त्यांचं म्हणणं असं, की हसणं आणि हसवणं हे काम आहे आणि काम कामाच्या वेळीच करावं. त्यांची कामाची वेळ वर्षातून एकदा यायची, मंडईला.

हा भाग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली, की इकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी घरोघरी पाहुणे, लेकी, जावई, व्याही, मावशीच्या नणंदेचा दीर, सगळे हजर. दुपारी शाळेच्या पटांगणात दंडार, म्हणजे ढोलकी, टाळ, नाच, गाणी आणि मध्ये मध्ये हसवणारा एक माणूस. आमच्या गावच्या दंडारीत हा माणूस म्हणजे सर. वर्षभर न हसलेला चेहरा तसाच ठेवून ते पुढे यायचे आणि एकेका घरचा पाहुणा 'घ्यायचे'.

घ्यायचा म्हणजे नाव आणि गाव पुकारून सगळ्यांसमोर त्याची यथेच्छ टिंगल करायची. पाहुण्यानं उठून हात जोडायचे आणि यजमानाच्या घरच्यांनी सगळ्यांत मोठ्यानं हसायचं, अशी रीत. आमच्या सांगलीकडे जावयाला असं बोललं तर पुढची तीन लग्नं मोडतील. इथे उलटं. ज्याच्या घरचा पाहुणा घेतला नाही, ते घर रुसायचं. एका वर्षी एका मोठ्या जमीनवाल्याचा बालाघाटकडचा व्याही सरांकडून राहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा गडी सरांच्या दारात. "मालक विचारून राहिले, आमच्या व्याह्यात काय कमी होतं जी?" सर तसेच उठले, बसथांब्यावर गेले आणि व्याही बसमध्ये चढत असताना त्यांनी सुरू केलं, "हे बालाघाटचे व्याही. बस रोज येते, हे रोज पिशवी घेऊन येते, बस पाहते आणि परत जेवाले घरी जाते!" ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. व्याह्यांनी पायरीवरूनच हात जोडले, समाधानानं, आणि मग गाडी सुटली.

मंडईआधी सर घरोघर चहा पीत हिंडायचे. पण पाहुण्याचे दोष कधी विचारायचे नाहीत. एकच प्रश्न. "काय खाते ते सांगा, बाकीचं मी पाहून घेतो." आणि खरंच तेवढ्यावर त्यांचं भागायचं. माझी घरमालकीण शेवंताबाई, तिचा तुमसरचा जावई सरांच्या खास आवडीचा. "सासू वाढाले आली का हे नोको नोको म्हणते आणि ताट पुढं सरकवते. तोंड म्हणते नोको, ताट म्हणते आन! काल याईनं इतके वडे खाल्ले, इतके वडे खाल्ले, का सकाळी गावातलं कुत्रं शेवंताबाईच्या दारात रडत बसलं होतं." जावई हात जोडून उभा आणि शेवंताबाई पदर तोंडात धरून लोळायची बाकी.

त्या जावयाच्या शेजारी, त्याच चटईवर, मी बसलेली असायची. आणि सरांनी मला कधीही घेतलं नाही.

पहिल्या वर्षी मला खात्री होती, की या मंडईत माझा नंबर लागणार. रुजू झाल्याच्या आठवड्यातच सरांनी विचारलं होतं, "मॅडम, तुमी काय खाता?" मी म्हटलं, भाकरी. ते चिंतेत पडले. "भात नाही खात? मंग इथं कसं होईन जी?" शिवाय माझ्या खात्यावर चप्पल जमा होती. झालं असं, की रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत शाळेला उशीर होत होता म्हणून मी समोरची हिरवीगार सपाटी बघून आडवाट धरली. ती सपाटी म्हणजे बांधी, भाताचं खाचर. तिसऱ्या पावलाला गुडघाभर चिखलात. रोवणाऱ्या बायांनी दोन्ही दंडांना धरून मला ओढून काढलं, पण एक चप्पल आतच राहिली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. शेवंताबाईनं दारातच विचारलं, "मॅडम, औंदा पयली रोवणी तुमचीच म्हणते?"

एवढा ऐवज हाताशी असताना कुठला विनोदी माणूस सोडेल? मी नवी साडी नेसून, हात जोडायची तयारी ठेवून चटईवर बसले. सर आले, आमच्या चटईकडे पाहिलं, आणि जावयाला घेतलं. मग शेजारच्या चटईवर गेले. मी बराच वेळ तसाच तयार चेहरा घेऊन बसून होते.

दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. मग मी राग धरला. मी सांगलीची, आमच्यात राग धरला की सहसा सोडत नाहीत. मनाशी हिशोब असा होता, की या गावात तुमसरच्या जावयाची किंमत आहे, कोणाच्या आत्याच्या तोतऱ्या दिराची आहे, पण सांगलीहून आलेल्या मास्तरणीची नाही. घरची तर मी नव्हतेच, पण पाहुणी म्हणूनसुद्धा या माणसाच्या मोजणीत नव्हते. दर वर्षी मी गावी बदली मिळावी म्हणून अर्ज करायची. सर दर वर्षी विचारायचे, "मॅडम, अर्ज भरला का औंदा?" मी ताडकन म्हणायची, "भरला." "भरा, भरा," असं म्हणून ते वर्गात मागे जाऊन उभे राहायचे. त्या 'भरा, भरा'नं माझा जीव जळायचा.

आणि मग मुंबईचा फोन आला.

सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मंडईत मोबाईलवर त्यांचं चित्रण केलं आणि मुंबईला दर वर्षी भरणाऱ्या एका मोठ्या हास्यमहोत्सवाला पाठवलं. तिथल्या लोकांना यंदा खेड्यातला एक अस्सल माणूस हवाच होता. एका मुलीनं फोन करून आमंत्रण दिलं. आम्ही सगळे स्टाफरूममध्ये फोनभोवती.

सरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाहुणे किती राहतीन जी?"

"साधारण आठशे."

"आठशे! मंग मी आठ-दहा दिवस पयले येतो. घरोघर जावं लागन."

मुलगी हसली. तिला वाटलं, सर विनोद करताहेत. सर शाळेत होते, आणि शाळेत ते विनोद करत नसत.

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. मुख्याध्यापक आणि त्यांच्या सौभाग्यवती समुद्र बघायला म्हणून आले. सरांच्या बायकोला घरची मळणी सोडून येणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं मला गळ घातली. "मॅडम, तुमी जा त्याईच्या संगं. तुमच्या तिकडचं बोलनं त्याईले समजत नाही." तिच्या लेखी मुंबई आणि सांगली एकाच गल्लीत होत्या. माझा राग होताच, पण या माणसाची मुंबईत फजिती होणार आणि ती आपण बघायची, हा मोह मला आवरला नाही.

तिथे कानाला बोलायचं यंत्र लावलेली ती फोनवरची मुलगी आम्हाला घ्यायला आली. सरांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, हे जे पाहुणे येतीन, हे कोणाच्या घरचे?"

"कोणाच्या घरचे नाही काका. तिकीट काढून येतात."

"मंग यजमान कोण?"

तिनं हातातली यादी चाळली. मग म्हणाली, "म्हणजे, एक साबणाची कंपनी आहे…"

"साबनाच्या घरी आठशे पाहुणे," सर माझ्याकडे वळून पुटपुटले. "आणि काय खाते हे कोणालेच माहीत नाही."

दुपारी इतर कलाकारांची तालीम होती. सर सवयीप्रमाणे सभागृहाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि थोड्याच वेळात हिरमुसून परत आले. खुर्च्यांच्या पाठी इतक्या उंच, की बसलेल्या माणसाची पाठच दिसत नव्हती. "हे लोक हसते का नाही, कोन सांगन? खुर्ची सगळं झाकून घेते." पण त्यांना खरा धक्का बसला तो कलाकारांचा. एकामागून एक तरणी मुलं येत होती आणि आपली आई कशी ओरडते, बाप कसा चिक्कू, बायको कशी संशयी, हे सांगत होती. सगळे हसत होते. सरांचा चेहरा मात्र उतरत चालला.

"हे पोट्टे आपल्याच माय-बापाले घेऊन राहिले जी," ते म्हणाले. "काऊन? एक तरी पाहुणा भेटला नसन का यांना?"

मी म्हटलं, "इथे तसंच चालतं सर." आणि मला, खरं सांगते, जरा बरं वाटलं.

संध्याकाळी त्यांची वेळ आली. प्रत्येकाला सात मिनिटं, वेळ संपली की समोर लाल दिवा. सर मंचावर आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हात मागे बांधून, तपासणीला आल्यासारखे. उजेड त्यांच्या डोळ्यांवर, प्रेक्षक अंधारात. तोंडंही दिसेनात आणि पाठीही.

"राम राम," ते म्हणाले. "कोण कोणाच्या घरी उतरले जी?"

पहिल्या रांगेतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सांगा ना. घाबरू नोका. काय खाता?"

कोणीतरी खोकलं. फजिती बघायला आलेली मी, पण ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा मला ती नको झाली. मुख्याध्यापकांनी तर डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं ज्या माणसावर राग धरला, त्याच्यासाठी मी पदराचं टोक पिळत होते.

शेवटी पुढच्या रांगेतून एक जण दयेनं ओरडला, "अहो, आम्ही सगळे इथलेच!"

सर थांबले. त्यांनी हे नीट ऐकून घेतलं. "सगळे इथलेच? म्हणजे तुमी सप्पाच घरचे?" मग त्यांनी मान हलवली, गणित सुटल्यावर हलवायचे तशी. "मंग इथं पाहुणा एकच हाय."

आणि त्यांनी मंचावर स्वतःला घेतलं. हातभर बाजूला सरकले, आधी उभे होते त्या रिकाम्या जागेकडे बोट केलं आणि सुरू झाले. "हे गोंदिया जिल्ह्याचे मास्तर. काय खाते? भात खाते. हाटेलात सकाळी भात मांगला, तं त्याईनं फळं देली. मास्तर म्हणते, मी बिमार नाही जी! याईले खोलीची चावी म्हणून एक पत्ता देला, खेळाचा असते तसा. मास्तरनं तो जपून खिशात ठेवला आणि आपल्याच खोलीचं दार ठोठावून राहिले. आतून आवाज येईना. तं मास्तर म्हणते, घरात कोणी नाही, मंग येतो!"

सभागृह हललं. मी आजूबाजूला पाहिलं तर लोक उंच खुर्च्या सोडून पुढे वाकून हसत होते आणि त्यांच्या पाठी छान दिसत होत्या. तेवढ्यात लाल दिवा लागला. सर वाक्याच्या मध्यावर गप्प झाले आणि हात बांधून उभे राहिले. ती मुलगी पडद्याआडून हातवारे करायला लागली. सरांनी प्रेक्षकांना समजावलं, "थांबा. फाटक लागलं. गाडी जाऊ द्या."

त्या संध्याकाळी तेवढं मोठं हसू दुसऱ्या कोणाला मिळालं नाही. दिवा वेळ संपल्याचा आहे, हे त्यांना खरंच कळलं नव्हतं की काय, मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, गोंदियात रेल्वेचं फाटक लागलं तं कोणी विचारते का, का खरंच गाडी हाय?"

त्या मुलीनं पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिथल्या तिथे दिलं, जास्त वेळेचं. सरांनी हात जोडून नाही म्हटलं. "एकदा आलो तवा पाहुणा होतो. दुसऱ्यांदा आलो का घरचा झालो. मंग कोणाले घेऊ?" ती पुन्हा हसली. मला वाटतं, तिला सरांचं एकही वाक्य खरं वाटलं नाही.

परतीच्या गाडीत, भंडारा रोड मागे पडल्यावर, मुख्याध्यापक आणि त्यांच्या सौभाग्यवती घोरत असताना मी विषय काढला. मुंबईत स्वतःला घेतलं, तिथल्या आठशे जणांना हसवलं, आता सांगूनच टाका.

"सर, इतकी वर्षं मी शेवंताबाईच्या चटईवर बसते. माझी चप्पल अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही मला कधीच का घेतलं नाही?"

ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, की जणू मी पाढाच चुकले.

"अजी मॅडम, पाहुण्याले घेतो मी. घरच्याले कोणी घेते का?"

आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर कापलेल्या बांध्या होत्या. इतकी वर्षं जी जागा मिळत नाही म्हणून मी धुसफुसत होते, त्याहून आतली जागा या माणसानं मला न सांगता देऊन टाकली होती. मला इतका आनंद झाला, की लपवायला म्हणून मी चहावाल्याशी साखर कमी घातली यावरून भांडले.

त्या वर्षीही अर्ज केला. सवयीनं केला. आणि मे महिन्यात बदली मंजूर झाली.

लोक म्हणाले, नशीब उघडलं. आईनं फोनवर देवापुढे साखर ठेवल्याचं सांगितलं. सर माझी बॅग घेऊन बसथांब्यापर्यंत आले. बस सुटताना एवढंच म्हणाले, "तिकडं भाकर भेटन आता." मी मान हलवली आणि पुढे बघत बसले.

दिवाळीत शेवंताबाईचा फोन आला. "मंडईले या जी. तुमच्या बिना चटई रिकामी दिसते." मी दोन गाड्या बदलून गेले. तीच दुपार, तेच पटांगण, तीच चटई. तुमसरचा जावई त्या वर्षी आला नव्हता. ढोलकी थांबली, सर पुढे आले. तोच पांढरा शर्ट, तोच न हसणारा चेहरा. त्यांनी आमच्या चटईकडे पाहिलं, तरी मी निवांत बसले होते, कारण घरच्याला कोणी घेत नाही.

"ह्या शेवंताबाईच्या घरच्या पाहुणी," सर म्हणाले. "सांगलीवरून आल्या."

मला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला.

"काय खाते? भाकर खाते. इतक्या दूरवरून काऊन आल्या? मंडई पाहाले? नाही जी! बांधीत याईची एक चप्पल राहिली होती, थे न्याले आल्या. बाई, थे चप्पल उगवली! औंदा त्या बांधीत धान कमी, चपला जास्त. मालक पोतं भरून धान खरेदीच्या केंद्रावर विकाले घेऊन गेला, तं केंद्रावाला म्हणते, घेत नाही, ओल जास्त हाय!"

पटांगण फुटलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. रीत मला ठाऊक होती. मी उठले आणि हात जोडले. घरच्यांनी सगळ्यांत मोठ्यानं हसायचं असतं, आणि शेवंताबाई हसत होती, पदर तोंडात धरून, माझ्याकडे बोट दाखवून. मीही हसले. इतकी वर्षं वाट पाहिली होती, विनोदही अव्वल होता, आणि मला इतकं वाईट आयुष्यात क्वचित वाटलं असेल. माझे डोळे भरून आले. चारचौघांत तोंड दिसू नये म्हणून काहीतरी शोधत असल्यासारखी मी मागे वळून बसले, सरांकडे पाठ करून.

आता ते पुढच्या चटईवर जातील, पुढचा पाहुणा घेतील, म्हणून मी वाट बघत राहिले. मागून आवाजच येईना. हसणं हळूहळू थांबलं, लोक कुजबुजायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी तोंड लपवलं खरं, पण पाठ वाचणाऱ्या माणसापुढेच पाठ करून बसले होते.

मग मागून सरांचा आवाज आला, जरा घोगरा.

"ढोलकी वाजव गा. मोठ्यानं वाजव."